पत्र्याच्या शेडमधली दहा मीटर रेंज: पहिल्यांदा येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती ठाणे-नवी मुंबई परिसरात उघड्यावरच्या, साध्या एअरगन रेंजवर पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. एसी, स्क्रीनवर गुण दाखवणारी इलेक्ट्रॉनिक टार्गेट, कॅफे यांतलं काही इथे मिळणार नाही. मोठ्या रेंजवर जी कामं यंत्र करतं, ती इथे तुमच्या हातांनी करायची असतात. त्यामुळे आधी थोडं वाचून आलात तर पहिला तास वाया जात नाही.

साधी रेंज म्हणजे तिथे नेमकं काय असतं?

वर पत्रे, खाली कोबा, तीन बाजूंनी भिंत किंवा अर्धी भिंत. नेमबाज उभा राहतो ती फायरिंग लाइन. तिच्यापासून टार्गेट बरोबर १० मीटरवर, आणि टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर. प्रत्येक लेनमध्ये एक टेबल आणि बाजूला हाताने फिरवायचं चाक. चाकावरच्या दोरीला क्लिप, क्लिपमध्ये कागदी कार्ड. चाक फिरवलं की कार्ड पुढे जातं, उलटं फिरवलं की परत येतं. टार्गेटच्या मागे छर्रे अडवणारी तिरकी लोखंडी प्लेट आणि तिच्याखाली वाळूचा ट्रे.

रेंज निवडताना आम्ही सगळ्यात आधी ही मागची बाजू बघतो. प्लेट सरळ उभी असेल किंवा छर्रे आदळून तिच्यात खळगे पडले असतील, तर छर्रा उलटा येऊ शकतो. फायरिंग लाइनच्या पुढच्या जमिनीवर चपटे झालेले छर्रे विखुरलेले दिसले, तर पैसे भरण्याआधीच त्याबद्दल विचारा.

एअरगन चालवायला परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी (०.१७७ इंच) बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या १० मीटर रायफली आणि पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच खाली असतात. त्यांचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. परवाना नाही म्हणून ते खेळणं आहे असं मात्र समजू नका. जवळून डोळा कायमचा जातो. रेंजवर नोंद करताना आधार किंवा दुसरं ओळखपत्र मागतात. मूळ प्रत जवळ ठेवा.

तिथे ‘खरी’ बंदूक चालवायला मिळेल का?

नाही. ०.२२ बोअरची रायफल किंवा पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना आणि तशी मंजूर रेंज दोन्ही लागतं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. तो रस्ता सभासदत्व आणि प्रशिक्षणातून जातो. कोणी उघड्या माळावर किंवा फार्महाउसवर ‘खरी चालवून देतो’ म्हणाला, तर तिथून निघून यायचं.

मुलांना आणता येईल का?

येईल, पण वयापेक्षा ताकद आणि ऐकण्याची सवय जास्त महत्त्वाची. स्पर्धेची रायफल ५.५ किलोपर्यंत असू शकते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने ती हातात तोलून धरली तर पाठ मागे वाकवून धरतो, आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. लहान मुलांना स्टँडवर टेकवूनच सुरुवात करू द्या. सोबत आई-वडिलांपैकी कोणीतरी रेंजवर हजर हवं. ‘थांब’ म्हटल्यावर लगेच न थांबणारं मूल अजून वर्षभर घरीच बरं, मग ते कितीही हट्ट करो.

काय घालून यावं, काय आणावं?

सपाट तळव्याचे बंद बूट. जाड कुशनचे रनिंग शूज घालून उभं राहिलं की शरीर सतत झुलतं, आणि चप्पल तर नकोच. कपडे अंगाबरोबरचे, सैल बाहीची शिवण खांद्याशी गोळा होते आणि रायफलचा दस्ता रोज वेगळ्या जागी बसतो.

डोळ्यांसाठी साधा पारदर्शक सेफ्टी चष्मा आणा. पत्र्याखाली स्प्रिंगच्या रायफलींचा आवाज घुमतो, म्हणून कानात फोमचे प्लग. सुती नॅपकिन दोन, कारण इथल्या दमट हवेत पाचव्या शॉटला तळहात ओला होतो. पाण्याची बाटली आणि हात धुवायला साबण स्वतःचाच आणा. नळाशी साबण असेलच याची खात्री नसते.

संध्याकाळी डास येतात, खाडीलगत किंवा येऊरच्या पायथ्याशी तर हटकून. मलम लावायचं तर घरूनच, पायांना आणि मानेला लावून या. तळहाताला लागलं की पिस्तुलाची ग्रिप निसटते, आणि काही मलमं चष्म्याच्या प्लॅस्टिकवर डाग पाडतात.

आधी स्वतःची गन विकत घ्यावी का?

घेऊ नका. निदान दोन-तीन महिने रेंजचीच वापरा. दुकानात हातात घेतल्यावर जी आवडते ती बहुतेक वेळा जड, स्प्रिंगची आणि दुर्बीण लावलेली असते. १० मीटरच्या खेळात त्यातलं काहीच कामाला येत नाही. स्प्रिंगच्या गनला सुटताना दोन्हीकडून झटका बसतो, त्यामुळे धरण्यातली चूक आणि गनची चूक वेगळी ओळखता येत नाही. स्पर्धेसाठी वापरतात त्या गनमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर असतो, साधारण २०० बार दाबाचा. तो भरायला पंप किंवा मोठा सिलिंडर लागतो, आणि सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून १० वर्षं धरतात. जुनी गन स्वस्तात मिळत असेल तर सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख वाचा.

आणि हा सिलिंडर फक्त कोरड्या, स्वच्छ हवेने भरायचा. ऑक्सिजनने भरला आणि आत तेलाचा अंश असला तर स्फोट होऊ शकतो.

स्वतःची गन घेऊन येताना काय काळजी घ्यायची?

रिकामी, बंद केसमध्ये, छर्रे वेगळ्या पिशवीत. सोबत खरेदीचं बिल आणि ओळखपत्र. ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात, सणांच्या आणि निवडणुकांच्या दिवसांत तर नक्की. त्यात सार्वजनिक जागी शस्त्र बाळगण्यावर बंदी असते. रस्त्यात केस उघडून मित्राला गन दाखवणं हा नसता उद्योग आहे. मेट्रोच्या दाराशी बॅग तपासतात, तिथे वाद घालत बसण्यापेक्षा रिक्षा किंवा स्वतःची गाडी बरी.

रेंज लांब पडते. येऊरला किंवा खाडीकाठी सराव केला तर?

अजिबात नको. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय तिथे शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे; गोळी झाडायची गरजही नाही. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. सोसायटीच्या गच्चीवर कबुतरांवर नेम धरणाऱ्यांनाही हेच सांगणं: प्राण्याला जखमी करणं गुन्हा आहे, आणि चुकलेला छर्रा समोरच्या इमारतीच्या खिडकीत जातो. घरात सराव करायचाच असेल तर छर्रा न भरता, भिंतीवर काळा ठिपका लावून नुसता नेम धरायचा. तो फुकट असतो आणि फार उपयोगी पडतो. मात्र स्प्रिंगच्या गनमध्ये रिकामा शॉट मारू नका, तिचा वॉशर जातो.

रेंजवर कोणते नियम मोडले तर लगेच बाहेर काढतात?

गनचं तोंड टार्गेटच्या दिशेशिवाय दुसरीकडे वळलं तर. मागून कोणी हाक मारली की माणूस वळतो, आणि हातातली गनही त्याच्याबरोबर वळते. नवख्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. हाक आली तर आधी गन टेबलावर ठेवा, हात सोडा, मग वळा.

नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागतो, रायफलचा त्याहून कितीतरी हलका. नुसतं टेकलं तरी सुटतो. ‘स्टॉप’ ऐकू आलं की नेम पक्का बसलेला असला तरी झाडायचं नाही. गन उघडायची, छर्रा काढायचा, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग घालायचा, टेबलावर ठेवायची, एक पाऊल मागे. कोणीही लाइनच्या पुढे असेल तोवर गनला हात लावायचा नाही, साफ करायलासुद्धा नाही. कार्डाचा क्लिप मध्येच अडकला तर आपणच पुढे जाऊन सोडवायचा नाही. हात वर करायचा.

दारू पिऊन आलेल्याला कोणतीही चांगली रेंज आत घेत नाही. ट्रिगरवर बोट ठेवून काढलेल्या सेल्फीवरूनही ओरडा बसतो, आणि तो बसलाच पाहिजे.

पहिलं कार्ड कसं मारायचं?

गन हातात घेण्याआधी उभं राहणं बघा. पिस्तुलासाठी पाय खांद्याइतके फाकलेले, अंग टार्गेटला जवळजवळ आडवं, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. हात टार्गेटच्या डावीकडे थांबला असेल तर मनगटाने ओढून आणू नका, मागचा पाय सरकवा.

कार्ड क्लिपमध्ये चारही बाजूंनी सरळ बसवा आणि चाक सावकाश फिरवा. जोरात फिरवलं की कार्ड तिकडे पोचून बराच वेळ डोलत राहतं. ते थांबेपर्यंत थांबा.

छर्रा डमरूसारखा असतो. सपाट डोकं पुढे, पोकळ घेर मागे. बोटात धरून घेर बघा: दबलेला, वाकलेला असेल तर तो बाजूला टाका. असा एक छर्रा कार्डावर दोन-तीन रिंगा दूर जातो आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष देत बसता. नळीत छर्रा नीट आत सरकवा. अर्धवट बाहेर राहिला तर बंद करताना कापला जातो.

आता नेम. मागच्या खाचेत (रिअर साइट) पुढची फ्रंट साइट बरोबर मध्ये, दोन्हींचा माथा एका रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. हे चित्र काळ्या गोलाच्या खाली धरायचं, मध्ये पांढरी फट ठेवून. नजर फ्रंट साइटवर. टार्गेट धूसर दिसायलाच हवं. नवखा माणूस टार्गेट स्पष्ट बघतो, साइट धूसर होते, आणि तिथेच सगळं बिघडतं. श्वास अर्धा सोडा, थांबवा, ट्रिगर सरळ मागे दाबत न्या. सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच उभं राहा. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्या. डोळ्यांपुढे साइट पुसट व्हायला लागल्यावर मारलेला शॉट कधीच चांगला जात नाही.

पाच शॉट मारून कार्ड परत आणा. प्रत्येक शॉटनंतर चाक फिरवून बघायला गेलात तर हात थकतो, आणि मागच्या शॉटचा राग पुढच्यात उतरतो.

छर्रे डाव्या कोपऱ्यात खाली जातात. साइट सरकवू का?

उजव्या हाताने मारत असाल तर ती साइटची नव्हे, ट्रिगर हिसकण्याची खूण आहे. साइट सरकवलीत तर ज्या दिवशी नीट दाबाल त्या दिवशी छर्रे उजवीकडे वर जातील. आधी पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ येऊ द्या. मग तो पूर्ण गट मध्याकडे आणा. रिअर साइट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गट जातो. स्क्रूवरची अक्षरं कंपनीगणिक वेगळ्या अर्थाची असतात, म्हणून पहिल्यांदा रेंज ऑफिसरला विचारूनच फिरवा.

गट बरा, पण हळूहळू खाली उतरत चालला असेल तर सिलिंडरचा काटा बघा. हवा संपत आली आहे.

शॉट मारला, पण कार्डावर भोक नाही. आता?

गन तशीच टार्गेटकडे ठेवा, हात वर करा. शक्यता तीन: छर्रा भरलाच नव्हता, छर्रा कार्डाबाहेर गेला, किंवा नळीत अडकला. तिसरी शक्यता धोक्याची, कारण वरून दुसरा भरला की दोन्ही अडकतात. नळीत डोकावून बघायचं नाही, कोणत्याच बाजूने.

रायफल आधी की पिस्तूल?

पहिल्या दिवशी रायफल, टेकवून. लगेच काहीतरी लागतं, आणि साइटचं चित्र समजतं. पिस्तूल एका हाताने धरायचं असल्यामुळे पहिल्या तासात निम्मे छर्रे काळ्याबाहेर जातात आणि लोक हिरमुसतात. पुढे कुठे रमायचं ते नंतर ठरवा.

गुण कसे मोजतात?

भोकाची कड आतल्या, जास्त गुणांच्या रिंगेच्या रेषेला शिवली तरी तो जास्तीचा गुण. पिस्तुलाच्या कार्डावर दहाची रिंग ११.५ मिमी व्यासाची आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिमी रुंदीची. रायफलच्या कार्डावर दहाचा नुसता अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, आणि रिंग अडीच मिमीची. छर्राच साडेचार मिमीचा, त्यामुळे दहा बसला की ठिपका उडून जातो. म्हणून गुण मोजायचे असतील तेव्हा रायफलला एका गोलावर एकच शॉट मारावा. शंका असेल तिथे गेज (भोकात घालायचं माप) घालून बघतात. भोकात नख घालून बघू नका, कागद फाटला की गुण कायमचा वादात.

छर्रे सपाट डोक्याचेच घ्या. टोकदार किंवा गोल डोक्याचा छर्रा कागद ओरबाडतो. आणि पोलादी गोळ्या कोणत्याही रेंजवर आणू नका; शिसं प्लेटवर चपटं होतं, पोलाद उलटं येतं.

उघड्या शेडमध्ये वाऱ्याने फरक पडतो का?

पडतो, लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त. ताशी दहा किलोमीटरची आडवी झुळूक छर्र्याला १० मीटरमध्ये काही मिलिमीटर ढकलते. पिस्तुलावर ते खपून जातं. रायफलवर मात्र दोनएक रिंगा जातात. शेडच्या उघड्या कडेला सुतळीला एक चिंधी बांधून ठेवा आणि ती लोंबकळेपर्यंत थांबा. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, म्हणून रायफलवाल्यांनी सकाळची वेळ धरावी.

उजेडाचंही तेच. ढग आला की काळा गोल डोळ्याला वेगळा भासतो आणि गट वर-खाली सरकतो. मावळतीचं ऊन समोरून येत असेल तर त्या लेनवर पैसे घालवू नका, दुसरी मागा.

पावसाळ्यात रेंज चालू असते का?

कागदोपत्री चालू, प्रत्यक्षात आधी फोन करून या. जुलैत पत्र्यावर सर कोसळते तेव्हा शेजारच्याचंही ऐकू येत नाही. ‘स्टॉप’ ऐकू न येणं हा सरळ धोका आहे. चांगल्या रेंजवर अशा वेळी शिट्टी आणि लाल झेंडा वापरतात, किंवा सरळ थांबवतात. दमट हवेत कार्ड मऊ पडतं आणि भोक गोल न पडता फाटतं. कार्डांचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या डब्यात बंद ठेवा. दोरी ओली होऊन सैलावते आणि कार्ड तिरकं थांबतं.

गनसाठी हे चार महिने वाईट. घरी गेल्यावर ती फोमच्या केसमध्ये ठेवून विसरू नका. फोम ओल धरतो आणि पंधरा दिवसांत नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके दिसतात, वाशी-ऐरोलीच्या खाऱ्या हवेत त्याहूनही लवकर. हाताचा घाम सुती फडक्याने पुसा, बाहेरच्या लोखंडाला तेलाचा पुसट हात द्या, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नळीच्या आत तेल घालायचं नाही. छर्र्यांचा डबा उघडा राहिला तर त्यांवर पांढरी भुकटी चढते. ते छर्रे फेका.

चष्मा आहे, चालेल का?

चालेल. फक्त प्रोग्रेसिव्ह (लांबचा-जवळचा नंबर एकत्र असलेल्या) काचेत मान जरा हलली की साइट धूसर होते. एकाच नंबरचा चष्मा असेल तर तो आणा. कोणता डोळा प्रबळ आहे ते आधी तपासा: दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा.

शिशाचा त्रास होतो का?

उघड्या शेडमध्ये हवा खेळती असल्यामुळे धोका कमी, पण बोटांना शिसं लागतंच. रेंजवर वडापाव खायचा नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत (जुनी मंडळी धरतात, म्हणून सांगावं लागतं), निघताना साबणाने हात धुवायचे. वाळूचा ट्रे कोरडा झाडू नये. ओला करून उचलतात. गरोदर महिलांनी या दिवसांत रेंज टाळलेली बरी.

पैसे कशाकशाचे लागतात?

वेळेचे, गनच्या भाड्याचे, छर्र्यांचे, कार्डांचे आणि प्रशिक्षकाचे. फोनवर सांगितलेल्या रकमेत यांतलं काय धरलंय ते एकेक करून विचारा. पहिल्या दिवशी ४० ते ६० छर्रे पुष्कळ झाले. त्यापुढे हात थकतो आणि चुकीची सवय पक्की होते. स्वतःचे छर्रे घ्यायचे तर डबा बहुधा ५०० चा येतो.

आणि वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा. घोडबंदर रोडवरून शिव्या देत आलेल्या माणसाची नाडी पहिल्या कार्डावर दिसते.

इथून स्पर्धेपर्यंत जाता येतं का?

येतं. २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचाच. वाट जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी चढत जाते, आणि रेंज किंवा क्लब जिल्हा संघटनेशी जोडलेला असेल तर नोंदणी सोपी होते. एका फेरीत ६० शॉट. कागदी टार्गेटवर त्यासाठी दीड तास मिळतो. साध्या रेंजवर तयार झालेल्याला पुढे जड जातं ते एकाच बाबतीत: इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक शॉटचा गुण समोर झळकतो. ज्याला पाच शॉट न बघता मारायची सवय आहे, त्याने स्पर्धेआधी दोन-तीन वेळा तरी तशा रेंजवर जाऊन यावं.

ऑफिसच्या पंधरा-वीस जणांना घेऊन यायचं आहे. जमेल?

चार लेनच्या शेडमध्ये वीस जण म्हणजे सोळा जण मागे गप्पा मारणार, आणि गप्पांमुळेच लोक गन हातात घेऊन वळतात. आठ-दहाच्या तुकड्या करा, दोन वेगवेगळ्या वेळा घ्या. दोन नवख्यांमागे एक शिकवणारा हवा. रेंजकडे तेवढी माणसं आहेत का ते आधी विचारा. पैजा लावू नका, जेवण आणि बिअर नंतर ठेवा. आणि ज्याला नको वाटतंय त्याला आग्रह करू नका. त्याच्याकडे कार्डांचे गुण मोजायचं काम द्या.